स्वारी अजून ओली आहे

तैलरंगाची ओळख करून द्यायला दार उघडावं लागत नाही. तो घरात असला की जिन्यातच कळतं. जवसाच्या तेलाचा जड, किंचित गोडसर वास आणि त्यावर टर्पेंटाइनचा तिखट दर्प. या, आत या. फक्त बाहीला जपा आणि त्या खुर्चीवर टेकू नका. तिथं मागच्या रविवारचं चित्र उभं आहे. ते वाळलेलं दिसतं, पण वाळलेलं नाही. या स्वारीचा हा पहिला गुण लक्षात ठेवा: वरून सुकल्याचं सोंग ती बेमालूम आणते आणि आतून महिनोन्‌महिने ओली राहते.

कूळ म्हणाल तर अगदी साधं. रंगाची बारीक पूड आणि वाळणारं तेल, एवढाच त्याचा संसार. हे तेल बहुतेक वेळा जवसाचं. विदर्भात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात, तेच जवस. त्याच वनस्पतीच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचं युरोपात लिनन विणतात आणि लिननचा उत्तम कॅनव्हास होतो. म्हणजे तेल बियांचं आणि कापड खोडाचं, अशी एकाच झाडाची दोन भावंडं चित्राच्या चौकटीत पुन्हा एकत्र नांदतात. आपल्या घराण्याचा हा भाग तो कुणाला सांगत नाही. ट्यूबवर मात्र फ्रेंच आणि इंग्रजी नावं मिरवतो.

घाई त्याला खपत नाही. जलरंगाचं पाणी उडून जातं आणि रंग कागदावर राहतो. पाच मिनिटांत मामला आटोपतो. तैलरंगाचं तसं नाही. टर्पेंटाइन उडून जाईल, पण तेल कुठंही जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यांचा चिवट पापुद्रा होतो. त्यामुळे वाळताना तेलाचं वजन घटत नाही, उलट वाढतं. वाळणं म्हणजे त्याच्या लेखी खंगणं नव्हे, बाळसं धरणं. पातळ थर हाताला कोरडा लागायला दोन दिवसांपासून दहा-बारा दिवसांपर्यंत कितीही वेळ जातो. वॉर्निश लावायचं तर सहा महिने ते वर्षभर थांबा, असा त्याचा निरोप असतो. थर जाड असला तर त्याहूनही जास्त.

हा संथपणा पाहून पुष्कळ लोक लांबूनच नमस्कार करतात. पण ज्याला चित्रासाठी फक्त रविवार मिळतो, त्याच्याशी या गृहस्थाचं मेतकूट विलक्षण जमतं. रविवारी एक थर द्यावा, सोमवारी डबा घेऊन कामावर जावं, आठवडाभर बाकीचा संसार करावा. पुढच्या रविवारी थर बहुधा दुसऱ्या थरासाठी तयार असतो. व्यावसायिक चित्रकाराला त्याच्या मागे लागावं लागतं. हौशी माणसाच्या वेळापत्रकात तो आपोआप बसतो.

ओला असण्याचा दुसरा फायदा म्हणजे तो क्षमाशील आहे. नाक वाकडं झालं, आकाश मळकं झालं, तर दुसऱ्या दिवशीसुद्धा चाकूनं खरवडून किंवा फडक्यानं पुसून घेता येतं. गालावर उजेड कुठं संपतो आणि सावली कुठं सुरू होते, ती सीमा कोरड्या ब्रशनं हलकेच पुसट करता येते. जलरंग एकदा बोलला की शब्द फिरवत नाही. तैलरंग म्हणतो, पुन्हा सांग, मी ऐकतोय. नवशिक्याला यापरता सोबती नाही.

वयाच्या बाबतीत मात्र त्याचा खरेखोटेपणा बघून घ्यावा लागतो. इटलीच्या जॉर्जो वसारीनं 1550 मध्ये लिहून ठेवलं की तैलरंगाचा शोध फ्लँडर्सच्या यान व्हान आयकनं लावला. हे वाक्य याला इतकं आवडलं, की पुढं कित्येक शतकं तो तीच जन्मकथा सांगत होता. व्हान आयकची कर्तबगारी खरीच आहे. गेंटच्या चर्चमधलं 1432 चं वेदीचित्र आणि 1434 चं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र बघताना आजही श्वास रोखला जातो. पण जन्म त्याच्या हातचा नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांमधल्या सातव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांत अक्रोडाचं किंवा खसखशीचं असावं असं वाळणारं तेल संशोधकांना सापडलं आणि 2008 मध्ये ते जगासमोर आलं. बुद्धाच्या मूर्तींच्या शेजारी, आशियातल्या डोंगरात, हा गृहस्थ व्हान आयकच्या सातशे वर्षं आधी काम करत होता. तेव्हापासून पाश्चात्त्य म्हणून मिरवणं त्याला जरा अवघड झालं आहे.

घराबाहेर पडायची सवय त्याला बरीच उशिरा लागली. पूर्वी कारागीर रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टोचलं की रंग बाहेर, आणि एकदा टोचलेली पिशवी पुन्हा नीट बंद होत नसे. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबता येणारी कथलाची ट्यूब काढली. झाकण फिरवलं की झालं. स्वारी खिशात बसून शेतात, नदीकाठी, रेल्वे स्टेशनावर जाऊ लागली आणि उघड्यावर चित्रं रंगवणाऱ्या फ्रेंच मंडळींचं फावलं. आपल्याकडे दिगंबर परशुराम दांडेकरांनी 1931 मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून पुढं कॅम्लिन उभी राहिली आणि उंटाच्या छापाची ट्यूब गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानात पोचली. चित्रकलेच्या परीक्षांपलीकडे जाऊ पाहणाऱ्या किती मुलांना तैलरंग पहिल्यांदा या उंटानं भेटवला असेल!

भारतात आल्यावर त्यानं सुरुवातीला भाव खाल्ला. त्रावणकोरच्या दरबारात रामस्वामी नायडू हे चित्रकार तैलरंगात पारंगत होते, पण तरुण रवि वर्म्याला ते शिकवायला तयार झाले नाहीत. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला. त्यानंही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. बघून बघून रवि वर्म्यानं या गृहस्थाचं मन जिंकलं आणि 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलं. जरीचा काठ, रेशमाची चुणी, मोत्यावरचा एवढासा प्रकाश, हे सगळं तैलरंगाला मनापासून आवडतं. आपल्या देवदेवतांना त्यानं अंगभर शालू नेसवले ते रवि वर्म्याच्या हातून. ती चित्रं पुढं मुंबईत 1894 मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या छापखान्यातून घरोघरच्या भिंतींवर गेली.

मुंबईत त्याचं बस्तान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये बसलं. 1857 मध्ये सुरू झालेल्या या शाळेतून पेस्तनजी बोमनजी, महादेव विश्वनाथ धुरंधर, गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद अशी त्याला ओळखणारी माणसं निघाली. त्रिंदादांची चित्रं पणजीत फुंदासाँव ओरिएंतमध्ये आहेत. मिळेल तेव्हा जाऊन बघा. घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावर संध्याकाळचा उजेड कसा ठेवायचा, हे तैलरंग तिथं शांतपणे दाखवतो.

त्याच्या आयुष्यात एक दुखरी जागाही आहे, आणि ती अजिंठ्याची. लेण्यांमधली मूळ चित्रं तेलातली नाहीत. मातीच्या लेपावर, कोरड्या पृष्ठभागावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी ती काढलेली आहेत. त्यांच्या प्रती करायचं काम मात्र तैलरंगाकडे आलं. मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं गुहेत बसून मोठाले कॅनव्हास रंगवले. 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातले बहुतेक जळाले. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून नव्यानं प्रती केल्या. त्या साउथ केन्झिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि 1885 मध्ये तिथंही आग लागून त्यातल्या कितीतरी गेल्या. ज्यांची नक्कल करायची ती चित्रं अंधाऱ्या गुहेत दीड हजार वर्षं टिकली आणि याच्या प्रती काही वर्षांत राख झाल्या. आगीत दोष त्याचा नव्हता. तरी अजिंठ्याचं नाव निघालं की तो गप्प होतो असं मला वाटतं.

आता त्याच्या कुटुंबाकडे वळू. सगळे रंग एकाच तेलात कालवलेले असले, तरी स्वभाव एकेकाचा वेगळा. बर्न्ट अंबर हा तपकिरी मातीचा रंग सर्वांत उरकणारा. त्यात मँगॅनीज असतं आणि ते वाळण्याला रेटा देतं. आयव्हरी ब्लॅक आळशी. रविवार ते रविवार जाऊनही बोटाला लागतो. अलिझरिन क्रिमसन देखणा आणि रेंगाळणारा. अल्ट्रामरीन निळा घोटताना तार धरतो, चाकूवरून सुटत नाही. टायटॅनियम व्हाइट घरातला दांडगा; कुणात थोडासा मिसळला तरी त्याचंच राज्य. झिंक व्हाइट बोलायला मऊ, पण वर्षं गेली की ठिसूळ होतो आणि वरच्या थराला घेऊन सुटतो. काळा खाली आणि अंबर वर ठेवला, तर वरचा आधी ताठरतो, खालचा अजून हलत असतो, आणि मधल्या मध्ये चित्राला तडे जातात. पॅलेटवर रंग मांडताना शेजारी कोण बसतं, यापेक्षा खाली कोण झोपतं हे जास्त बघावं लागतं.

यातूनच त्याचा एकुलता एक कडक नियम आला आहे: खाली कृश, वर पुष्ट. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ केलेला, कमी तेलाचा. प्रत्येक वरचा थर आधीपेक्षा थोडा जास्त तेलाचा. नियम पाळला तर तो शतकानुशतकं साथ देतो. मोडला तर लगेच काही बोलत नाही. चार-पाच वर्षांनी भिंतीवरच्या चित्राला भेग पडते, आणि तेव्हा कळतं की कुणीतरी घाई केली होती. एकोणिसाव्या शतकात युरोपात सावलीसाठी डांबराच्या जातीचा बिट्युमेन वापरायची टूम निघाली. रंग अप्रतिम खोल दिसे. पण तो कधीच पुरता वाळत नाही, आणि त्या काळच्या कितीतरी चित्रांच्या सावल्यांवर आज मगरीच्या पाठीसारखी खवलं उठलेली आहेत.

बसायच्या जागेबद्दलही त्याचे लाड आहेत. त्याला थेट कापडावर बसवलं, तर तेल धाग्यात मुरतं, हळूहळू कापड कुजवतं आणि शेवटी आपणच बसलेली फांदी आपणच तोडतो. म्हणून आधी सरसाचा हात, मग पांढरं अस्तर, आणि त्यावर तो. अलीकडे अॅक्रिलिकचं तयार अस्तर मिळतं आणि तेही त्याला चालतं. हल्ली आमच्याकडे त्याला निरनिराळ्या बैठकींवर बसवून बघणं चाललं आहे. मांजरपाटावर तो बऱ्यापैकी रमतो, पण पावसाळ्यात कापड सैल पडलं की कुरकुरतो. जाड खादीवर सह्याद्रीचा कडा काढला, तर कापडाची गाठ न गाठ दगडाच्या पोताला उपयोगी पडते. गोणपाटावर बारीक काम करायला तो साफ नकार देतो. तिथं त्याला चाकूनं थापलेला जाड लेपच हवा. प्लायवुडवर मात्र तो खूश असतो. लाकूड कापडासारखं हलत नाही, म्हणून लहान चित्राला प्लायवुडसारखी स्वस्त आणि भरवशाची बैठक नाही.

तेलाची परीक्षा हा आमच्या गॅलरीतला सगळ्यांत मजेचा उद्योग. एका काचेवर स्वयंपाकघरातल्या आणि बाजारातल्या तेलांचा एकेक पातळ ठिपका ओळीनं द्यायचा आणि काच खिडकीत ठेवायची. खोबरेल आणि शेंगदाणा तेलाचे ठिपके कितीही वाट बघा, ओलेच राहतात. तिळाचं चिकट होऊन तिथंच अडतं. करडईचं उशिरा का होईना, साय धरतं. आणि जवस सगळ्यांच्या आधी नखाला टणक लागतं. कारण तेलातल्या मेदाम्लांत आहे. जवसाच्या तेलात ऑक्सिजनला चटकन भुलणारं लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं. तीच त्याची ताकद आणि तेच त्याचं दुखणं, कारण त्याच आम्लामुळे ते पिवळं पडतं. अक्रोड, खसखस आणि करडई कमी पिवळी पडतात, म्हणून पांढऱ्या आणि निळ्या रंगांसाठी त्यांची निवड होते. त्याबदली वाळायला वेळ जास्त आणि पापुद्रा जरा नाजूक. मराठवाड्यात करडईच्या तेलाशिवाय एकेकाळी पान हलत नसे. ते तेल पांढऱ्या रंगाच्या ट्यूबमध्ये भेटतं, तेव्हा परक्या गावात गाववाला भेटल्याचा आनंद होतो.

मग रंगाची पूडही घरचीच का नको? काचेच्या तक्त्यावर गेरूची वस्त्रगाळ पूड, मध्ये खळगा, त्यात थेंब थेंब जवसाचं तेल, आणि काचेच्या घोटणीनं गोल गोल घोटत राहायचं. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज मिसळलेली माती. तैलरंगानं त्याला तात्काळ जवळ केलं. असा रंग उन्हाला भीत नाही, काळाला भीत नाही. तुळशीवृंदावनाचा तोच लाल कॅनव्हासवर येतो. दिव्याची काजळी मात्र तेलात उतरायलाच तयार नसते. हलकी, उडणारी, पुष्कळ तेल पिते तेव्हा कुठं भिजते, आणि मग वाळायला तितकाच उशीर करते. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी डोळे दिपवतो. पट्टीवर हळदीचा रंग लावून अर्धी पट्टी पुठ्ठ्यानं झाकून उन्हात ठेवली, तर थोड्याच दिवसांत उघडा भाग फिका पडतो आणि झाकलेला तेवढा उरतो. हळद पोटाला आणि जखमेला उत्तम. चित्राला तिचा भरवसा नाही.

पांढऱ्या रांगोळीनं दाखवलेला चमत्कार सांगण्याजोगा आहे. अंगणात शुभ्र दिसणारी ती पूड तेलात कालवली की पांढरेपणा नाहीसा होतो आणि मळकट, अर्धपारदर्शक लगदा हातात येतो. खडूची पूडही तेच करते. प्रकाश त्या कणांतून आणि तेलातून जवळपास सारखाच वाकतो, त्यामुळे कण तेलात दिसेनासे होतात. खिडकीच्या काचा बसवायची लांबी अशीच खडू आणि जवसाच्या तेलाची बनत आली आहे. पण हा दोष नव्हे. स्पेनच्या वेलाझ्केझनं अशीच चुन्याच्या जातीची पूड रंगात घालून सावल्या झिरझिरीत केल्या. पांढरा म्हणून जो नापास झाला, तो पारदर्शक म्हणून पहिला आला.

प्रयोगांना तो ना म्हणत नाही, पण त्याच्या अटींवर. लिओनार्दो दा विंचीला घाईचं ओल्या गिलाव्यावरचं भित्तिचित्र नको होतं. मिलानमधलं अखेरचं भोजन त्यानं 1495 ते 1498 च्या सुमारास कोरड्या भिंतीवर, तेल आणि टेंपरा मिसळून रंगवलं. सावकाश रंगवायची मुभा मिळाली, पण भिंतीनं रंग धरला नाही आणि लिओनार्दोच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. थोर माणसाचीही त्यानं गय केली नाही. याउलट ज्यांनी त्याचा स्वभाव ओळखून हत्यार बदललं, त्यांच्यापुढं तो हात जोडून उभा राहिला. नागपुरात 1924 मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि चाकू वापरत, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलत, आणि वर्षाला मोजकीच चित्रं करत. ज्यानं त्याच्या संथपणाला आपला संथपणा दिला, त्याला त्यानं आतून उजळणारे पृष्ठभाग दिले. प्रभाकर बरव्यांनी त्याचा बाजारातला चुलत भाऊ इनॅमल जवळ केला. दारं-खिडक्या रंगवणाऱ्या त्या चकचकीत रंगातून त्यांनी पान, घड्याळ, टाचणी यांची शांत दुनिया उभी केली.

चुलत भावाचा विषय निघाला म्हणून अॅक्रिलिकबद्दलही बोलू. विसाव्या शतकाच्या मध्यात आलेला हा तरुण पाण्यात मिसळतो, अर्ध्या तासात वाळतो, वास करत नाही. दोघांचं भांडण एकाच ठिकाणी होतं. अॅक्रिलिक खाली आणि तैलरंग वर, हे त्याला मान्य. तैलरंगावर अॅक्रिलिक चढवलं तर ते पुढं सुटून येतं. थोरल्याच्या डोक्यावर बसायचं नाही, इतकंच त्याचं म्हणणं.

राग तसा त्याला क्वचित येतो, पण येतो तेव्हा खरोखर पेटतो. जवसाच्या तेलानं माखलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली, तर ती वाळताना तापतात. ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत अशाच फडक्यांमुळे पेटली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात मृत्युमुखी पडले. म्हणून आमच्याकडे फडकी सुटी पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून, मग झाकणाच्या डब्यात टाकतात. यात सवलत नाही.

अंधारही त्याला सोसत नाही. चित्र भिंतीकडे तोंड करून किंवा कपाटात ठेवलं, की तो रुसून पिवळा पडतो. औषध अगदी स्वस्त आहे. काही दिवस उजेडात ठेवा, पिवळेपणा बराचसा उतरतो. रूबेन्सनं पेटीत बंद करून पाठवलेल्या चित्रासाठी पत्रातून हाच उपाय कळवला होता: उन्हात ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो पटापट कामाला लागतो. कोकणातल्या आषाढात मात्र वाळणं रेंगाळतं, कापड सैल पडतं, मागच्या चौकटीच्या पाचरी ठोकाव्या लागतात आणि चित्राच्या पाठीवर बुरशी येऊ नये म्हणून ते भिंतीपासून बोटभर पुढं टांगावं लागतं.

आता आमच्याकडचं ताजं काम बघा. ही पितळेची समई. पितळ रंगवायला पिवळा फारसा लागत नाही. लागतात तपकिरी, हिरवट काळा, खोलीतल्या वस्तूंची वाकडी प्रतिबिंबं आणि अगदी शेवटी ज्योतीजवळ जाड पांढऱ्याचा एक ठिपका. व्हान आयकनं आर्नोल्फिनीच्या चित्रात टांगलेल्या पितळी झुंबरात हाच धडा लिहून ठेवला आहे. शेजारचा हा पावसातला घाट. इथं तीन पातळ झिलया एकावर एक आहेत, प्रत्येक वाळल्यावर पुढची. धुकं पांढऱ्यानं रंगवलं तर खडूचं दिसतं. झिलयांतून आलं की त्याच्यामागे डोंगर असल्याचं पटतं. आणि हे फणसाचं चित्र, घरच्या गेरूवर उभं केलेलं. काट्यांवर रंग इतका जाड आहे, की बोट फिरवावंसं वाटेल. फिरवू नका. तो अजून वर्षभर आतून ओला आहे.

म्हातारपणी तो एक विलक्षण गोष्ट करतो. शतकं गेली की त्याचा पापुद्रा अधिक पारदर्शक होत जातो आणि चित्रकारानं झाकलेलं वर येऊ लागतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलाझ्केझनं काढलेला घोड्यावरचा चौथा फिलिप राजा आहे. त्या घोड्याच्या पायांपाशी नीट बघितलं, तर आधी काढून मग बदललेल्या पायांच्या रेषा दिसतात. आयुष्यभर पोटात ठेवलेलं गुपित त्यानं सांगून टाकलं. त्यामुळे चित्र कमी झालं नाही. एवढा मोठा माणूसही पाय कुठं ठेवावा याचा विचार करत होता, हे त्यातून कळलं.

माझं मत विचाराल, तर हा मोठ्या चित्रकारांचा मानकरी आहे खरा, पण त्याची खरी गरज हौशी माणसाला आहे. चुकू देणारा, थांबायला लावणारा, आठवड्याच्या अंतरावर पुन्हा त्याच जागी भेटणारा, आणि त्याच्या नियमांना मान दिला तर आपल्या नातवंडांनाही दिसेल असं काहीतरी ठेवून जाणारा दुसरा सोबती रंगांच्या दुकानात नाही.

म्हणून या रविवारी जाऊन सहा ट्यूबा आणा: टायटॅनियम व्हाइट, येलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, एक लाल आणि एक लिंबूपिवळा. सोबत जवसाच्या तेलाची लहान बाटली, थोडं टर्पेंटाइन, दोन ब्रश, एक चाकू आणि अस्तर दिलेला प्लायवुडचा तुकडा. खिडकी उघडी ठेवा, पहिला थर पातळ द्या, फडकी पसरून वाळवा, आणि दुसऱ्या थराला पुढच्या रविवारपर्यंत हात लावू नका.